पांढरे पाणी : लपवायचे नाही, ओळखायचे

आम्ही दोघी जावा. नरखेडहून मोवाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. हंगामात संत्र्याच्या बगिच्यात आणि एरवी निंदणाला, कापूस वेचायला आम्ही जोडीनेच जातो. थोरली दहावी झालेली, धाकटी बारावी. थोरलीने सांगायचे, धाकटीने लिहायचे आणि मग दोघींनी वाचून पाहायचे, अशा रीतीने हा मजकूर तयार झाला आहे. विषय असा आहे की वाचताना काही भगिनींना संकोच वाटेल. आम्हांलाही लिहिताना वाटला. पण ज्या संकोचापायी आमच्या घरचे एक माणूस गेले, त्याला यापुढे मान द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.

आमच्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नीला सारे घर मोठीमाय म्हणत असे. काका लवकर गेले. तिने मजुरी करून मुले वाढवली, आम्हां दोघींची बाळंतपणे काढली. तिची पाळी जाऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. २०११ सालच्या पावसाळ्यात आमच्या लक्षात आले की मोठीमाय पहाटे कोणी उठायच्या आत आपले लुगडे धुऊन टाकते आणि दुसऱ्या लुगड्याच्या आड वाळत घालते. मग तिने आपली खाट ओसरीत नेली. "आत लय उकडते," म्हणाली. आम्ही खाट उचलून दिली. खरे सांगायचे तर आम्हांला बरेच वाटले, कारण तिच्या अंगाला वास येऊ लागला होता.

दिवाळीला ती बायकांत बसली नाही. एकदा थोरलीने धीर करून विचारले, "मोठीमाय, काय होते तुमाले?" ती म्हणाली, "काही नाही वं. पाणी जाते अंगावरून. होते असं बाईले." तेवढ्यावर आम्ही गप्प बसलो. पुढच्या हिवाळ्यात वावरात तिच्या लुगड्यावर रक्त दिसले, तेव्हा कुठे तिला गाडीत बसवून नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मोठीमायने खाली मान घालून सांगितले, "दीड वर्स झालं असन."

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. तिसरी पायरी. किरणांचे उपचार झाले. ती दोन वर्षे जगली. शेवटच्या दिवसांत एकदा आमच्याकडे पाहून तिने विचारले, "पोरीहो, वास तुमालेही येत होता नं? मंग एकीनंही नीट इचारलं कसं नाही?"

त्याला उत्तर नव्हते. आजही नाही. संत्र्याच्या खोडातून डिंक सुटलेला दिसला की आम्ही मजूर बाया त्याच घडीला मालकाला हाक मारतो. डिंक्या लागला, आज औषध लावले नाही तर झाड जाईल, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. झाडाबद्दल आम्ही बोललो. घरातल्या बाईबद्दल बोललो नाही.

हे एकट्या आमच्या घरचे नव्हे

पुढे आम्हांला कळले की आपल्याच विदर्भात या गोष्टीचा पहिला मोठा शोध घेतला गेला होता. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अहवाल जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. १०० पैकी ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. एकेकीला सरासरी तीनहून अधिक आजार होते आणि त्यांतील निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. तक्रार मात्र निम्म्याहून थोड्या अधिक बायकांनीच सांगितली. यापूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या बाया १०० मध्ये फक्त ८ होत्या. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच जगाला ठाऊक होते.

म्हणजे मोठीमाय एकटी नव्हती. घरोघरी मोठीमाय होती. सोसणे हे बाईचे लेणे आहे असे जे आपल्याला शिकवले गेले, त्याची ही किंमत.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ती आम्हांला थोरलीच्या मुलीमुळे कळली.

प्रत्येक पांढरे पाणी रोग नव्हे

मुलगी बारा वर्षांची होती. पाळी अजून सुरू झाली नव्हती. एके दिवशी ती न्हाणीत रडत बसलेली सापडली. "आई, मले काही तरी रोग झाला. मोठीमायसारखा." चड्डीवर पांढरट डाग पडत होते. मोठीमायचे दुखणे त्या पोरीने लहानपणी पाहिले होते. ते मनात धरून ती आठ दिवस झोपली नव्हती. आम्ही तिला उपकेंद्रातल्या सिस्टरकडे घेऊन गेलो. सिस्टरने तिच्याशी एकटीशी बोलून घेतले आणि मग आम्हां तिघींना समोर बसवून जे सांगितले ते आमच्या आयांनी आम्हांला कधीच सांगितले नव्हते.

डोळ्यांत जसे पाणी असते, तोंडात लाळ असते, तसा योनीमार्गातही ओलावा असतो. तो अंगाचाच आहे. योनीमार्गात चांगले जंतू राहतात. ते एक प्रकारचे आंबट आम्ल तयार करतात, दुधाचे विरजण जसे आंबट होते तसे. त्या आंबटपणात रोगाचे जंतू सहसा टिकत नाहीत. दिवसाला चमचाभर पाणी जाणे हे त्या भागाने स्वतःची सफाई केल्याचे लक्षण आहे. गडद रंगाच्या चड्डीवर किंवा परकरावर फिकट डाग पडतात ते या आंबटपणामुळेच. पांढरे पाणी वाळले की कापडावर पिवळसर दिसते. त्याने घाबरायचे कारण नाही.

पाळी सुरू होण्याच्या काही महिने आधी, कधी वर्षभर आधी, मुलींना असे पाणी जाऊ लागते. शरीर तयार होत असल्याची ती खूण आहे. पाळी सुरू झाल्यावर त्या पाण्याचा एक क्रम असतो. पाळी संपल्यावर चार-सहा दिवस ते कमी असते. दोन पाळ्यांच्या मध्यावर ते वाढते, पातळ आणि निसरडे होते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी त्याची तार निघते. ते बीज सुटण्याचे दिवस असतात. त्यानंतर पाणी घट्ट, चिकट, दुधाळ होते आणि पुन्हा पाळी येते. गरोदरपणात ते वाढते. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणींनाही जास्त जाते. बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी कायमची गेल्यावर कोरडेपणा येतो. नुकत्या जन्मलेल्या मुलीलाही काही दिवस पांढरे जाऊ शकते, कारण आईचे रस तिच्या अंगात आलेले असतात.

रंग पांढरा किंवा पाण्यासारखा, घाण वास नाही, खाज नाही, आग नाही, ओटीपोट दुखत नाही, तर तो निसर्ग आहे. त्याला औषध नको.

मुलगी घरी येताना हसत होती. एवढे सांगायला सिस्टरला पंधरा मिनिटे लागली. आमच्या घरात ते तीन पिढ्यांत कोणी कोणाला सांगितले नव्हते.

बदल ओळखावा कसा

सिस्टरने एक गोष्ट बजावून सांगितली. दुसरीच्या पाण्याशी आपले पाणी ताडून पाहू नका. आपले नेहमीचे काय ते ओळखा, म्हणजे बदल झाला की लगेच कळेल. कोणाला थोडे जाते, कोणाला जास्त. रंग, वास, दाटपणा, प्रमाण यांपैकी काही बदलले, किंवा सोबत खाज, आग, दुखणे, रक्त आले, तर तो इशारा.

पाणी दह्याच्या चोथ्यासारखे घट्ट झाले, खूप खाज सुटली, जागा लाल झाली, लघवी करताना बाहेरून आग होऊ लागली, तर बहुधा तो बुरशीचा संसर्ग असतो. गरोदरपणात, मधुमेहात किंवा दुसऱ्या कुठल्या आजारासाठी अँटिबायोटिक गोळ्या घेतल्यावर तो अधिक होतो. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. आमच्या शेजारच्या काकूंचा मधुमेह असाच सापडला.

पाणी पातळ, राखाडी-पांढरे आणि त्याला मासळीसारखा वास, विशेषतः नवऱ्याजवळ गेल्यावर किंवा पाळीनंतर, तर आतल्या चांगल्या जंतूंचे बळ कमी होऊन दुसरे वाढलेले असतात. खाज फार नसते, म्हणून बाया दुर्लक्ष करतात. याला सोपा औषधोपचार आहे.

पाणी पिवळे-हिरवे, फेसाळ, घाण वासाचे आणि सोबत खाज असेल, तर तो बहुधा नवरा-बायकोच्या संबंधातून पसरणारा संसर्ग असतो. अशा वेळी दोघांनीही औषध घ्यायला हवे. बाईने घेतले आणि पुरुषाने घेतले नाही, तर महिनाभरात जिथल्या तिथे. पुरुषाला पुष्कळदा काहीच त्रास दिसत नाही. म्हणून "मले काही झालं नाही" हे त्याचे म्हणणे पुरेसे नव्हे.

काही जंतू असे आहेत की ते गर्भाशयाच्या तोंडाशी मुकाट्याने राहतात. थोडे पिवळट पाणी, ओटीपोटात मंद दुखणे, संबंधानंतर रक्ताचा डाग, एवढीच खूण. कधी तीही नसते. उपचार झाला नाही तर ते वर चढतात, गर्भनलिका चिकटतात आणि मूल होत नाही. मग ज्या बाईने दुखणे सोसले, तिलाच लोक वांझ म्हणतात.

ही वर्णने समजण्यासाठी आहेत, घरी औषध ठरवण्यासाठी नव्हेत. दोन संसर्ग एकत्रही असू शकतात. मेडिकल स्टोअरवर जाऊन "पांढऱ्या पाण्याची गोळी द्या" असे म्हणू नये.

हाडे झिजतात काय?

आमच्याकडे जुन्या बाया म्हणतात, पांढरे जाते म्हणजे हाडे वितळून जातात, अंगातली ताकद जाते. आम्हीही हे मानत होतो. ते खरे नाही. त्या पाण्यात हाडांचा अंश नसतो. कंबर दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात, ते पुष्कळदा रक्त कमी असल्यामुळे. दिवसभर वाकून निंदण, डोक्यावर पाण्याचे गुंड, सर्वांना वाढून उरेल ते खाणे. अशक्तपणाचे मूळ ताटात आणि कामात असते. आम्ही दोघींनी रक्त तपासले तेव्हा दोघींचेही कमी निघाले.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही चमकलो. गोव्यात अडीच हजारांच्या जवळपास स्त्रियांची पाहणी झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात असे दिसले की पांढऱ्या पाण्याची तक्रार सांगणाऱ्या अनेक स्त्रियांना जंतुसंसर्ग नव्हताच. मात्र त्यांच्या मनावर ताण होता, चिंता होती. आम्हांला आमच्या गल्लीतली एक बहीण आठवली. नवरा पितो, मारतो. ती दर महिन्याला "अंगावरून जाते" म्हणून दवाखान्यात जाऊन बसते. कदाचित बाईला जे तोंडाने सांगता येत नाही, ते ती या मार्गाने सांगत असेल. अशा बहिणीला "तुला काही झालं नाही" म्हणून परत पाठवू नये. तिच्याजवळ बसून विचारावे की घरी सारे ठीक आहे ना.

"पिशवी काढून टाका"

आता धाकटीची गोष्ट. २०१९ साली ती एकतीस वर्षांची होती. मासळीच्या वासाचे पाणी आणि ओटीपोटात दुखणे सुरू झाले. मोठीमायची आठवण ताजी होती, म्हणून या वेळी आम्ही वेळ लावला नाही. कोणी सांगितले म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथे दहा मिनिटांत निकाल लागला. "पिशवीच्या तोंडावर जखम आहे. आज ना उद्या कॅन्सर होईल. दोन मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाका." खर्च चाळीस हजार. घरी धाकटीचा नवरा म्हणाला, "पोत मोडू, पण मोठीमायसारखं नको व्हायले." भीती खरी होती आणि त्या भीतीचाच बाजार होता.

त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार भगिनींच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पांढरे जाते, पाळीला दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या किती तरी बाया पिशवी गमावून आल्या. पाळीमुळे कामावर खाडा पडू नये, मुकादमाचा दंड भरावा लागू नये, हेही त्यामागे होते. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही विनाकारण गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर निकाल देऊन राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करण्यास सांगितले.

धाकटी ती बातमी वाचून म्हणाली, "जाऊबाई, पोत मोडाच्या आधी आपण नागपूरले दाखवू." आम्ही पहाटे नरखेडहून रेल्वेने गेलो. सरकारी दवाखान्यात रांग होती, दिवस मोडला, मजुरी बुडाली. पण डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले. गर्भाशयाच्या तोंडाची कॅन्सरची तपासणी केली, ती निर्दोष निघाली. जिला जखम म्हटले होते तो लालसरपणा पुष्कळ तरुण स्त्रियांत असतो, तो कॅन्सर नव्हे, असे त्यांनी समजावले. संसर्ग होता. नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या आणि पुन्हा बोलावले. तीन आठवड्यांत धाकटी बरी झाली. पोत आजही तिच्या गळ्यात आहे.

त्या बाईंनी जाता जाता सांगितले, "तरुणपणी पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर खरोखर हाडे ठिसूळ होतात." हाडे झिजण्याच्या भीतीने जी बाई पिशवी काढून घेते, तिची हाडे त्या शस्त्रक्रियेनेच झिजायची. हे आम्ही तेव्हापासून प्रत्येक बचत गटात सांगतो. पिशवी काढणे काही आजारांत आवश्यक असते, पण केवळ पांढऱ्या पाण्यासाठी नव्हे. कोणी तसे सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय पैसे जमवू नका.

काय करू नये

मोठीमायने काय काय केले ते नंतर तिच्या पेटीत सापडले. तुरटीचा खडा, कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी, कुणी भगताने दिलेला अंगारा. तुरटीचे पाणी, साबण, डेटॉल, लिंबू, यांपैकी काहीही आत घालून धुऊ नये. त्याने चांगले जंतू मरतात आणि आजार वाढतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, पुढून मागे. आतली सफाई शरीर स्वतः करते.

पाळीचे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. दुसऱ्या कपड्याच्या आड ओलसर ठेवू नये. पावसाळ्यात निंदणाला दिवसभर ओल्या कपड्यांत राहावे लागते. घरी आल्याबरोबर परकर-चड्डी बदलावी. सुती वापरावी. आणि घरच्यांनी त्या दोरीवरच्या कपड्याकडे पाहून नाक मुरडू नये.

केव्हा थांबायचे नाही

वास, खाज, आग, रंगबदल एवढेच असेल तर आठ दिवसांच्या आत दवाखाना गाठावा. पण पुढील गोष्टींत त्याच दिवशी निघावे.

बाळंतपण, गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर घाण वासाचे पाणी आणि ताप आला तर. ताप, थंडी आणि ओटीपोटात जोराचे दुखणे असेल तर. गरोदर बाईच्या अंगावरून एकदम पाणी गेले किंवा सतत झिरपू लागले तर. ती गर्भजलाची पिशवी फुटलेली असू शकते. कळा नसल्या तरी १०८ ला फोन करावा. गरोदरपणात रक्त दिसले तरी तसेच.

लहान मुलीला घाण वासाचे किंवा रक्तमिश्रित पाणी जात असेल तर तिच्यावर ओरडू नये. कधी खेळताना काही आत गेलेले असते, कधी कोणी तिला त्रास दिलेला असतो. तिला जवळ घेऊन डॉक्टरांकडे न्यावे.

आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक थेंबही दिसला, किंवा मोठीमायसारखे पाणचट, वासाचे पाणी जाऊ लागले, तर "उमरीचं आहे" म्हणू नये. संबंधानंतर रक्त येणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त येणे, यालाही तोच नियम. दर वेळी तो कॅन्सरच असतो असे नाही. पण तो नाही हे तपासूनच ठरवायचे असते.

हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि वाढायला सहसा दहा-पंधरा वर्षे घेतो. तो संबंधातून येणारा अगदी सर्वसाधारण विषाणू आहे. बाईच्या चालचलणुकीचा तो पुरावा नव्हे. मोठीमायबद्दलही लोक कुजबुजले होते, म्हणून हे लिहिले. इतकी वर्षे हाती असतात, म्हणून वेळेवर तपासले तर तो रोखता येतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांमध्ये हे करून पाहिले. दहावी शिकलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल गर्भाशयाच्या तोंडाला लावून तपासणी केली. बिघडलेला भाग त्याने पांढरा दिसतो. या साध्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१३ साली जाहीर झाले. दहावी शिकलेल्या बाया! म्हणजे आमच्या थोरलीएवढ्याच.

शासनाच्या कार्यक्रमातही ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची तरतूद आहे. आपल्या भागात ती कोणत्या दिवशी, कुठे होते हे आशाताईंना विचारा. नाही होत असे उत्तर मिळाले तर ग्रामसभेत विचारा.

कुठे जावे, कसे जावे

पहिली पायरी आशाताई आणि उपकेंद्र. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, नरखेडचे ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे नागपूरचे डागा, मेयो, मेडिकल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत करण्याचा निर्णय झालेला आहे. मोठे दुखणे निघाले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते विचारावे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवावे.

तपासणीची भीती वाटते, ती आम्हांलाही वाटली. डॉक्टरीणबाई पडद्याआड झोपवतात, एका साधनाने आत पाहतात, कापसाच्या काडीने थोडे पाणी घेतात. पाच मिनिटांचे काम. ओढल्यासारखे वाटते, फार दुखत नाही. सोबत जाऊ, नणंद कोणीही उभी राहू शकते. पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टरला थांबायला सांगावे, तो आपला हक्क आहे. लग्न न झालेल्या मुलीची अशी आतून तपासणी सहसा करत नाहीत, तेव्हा त्या भीतीने मुलीला घरी ठेवू नये. सर्व गोळ्या पूर्ण घ्याव्यात. त्रास थांबला म्हणून उरलेल्या गोळ्या बहिणीला देऊ नयेत.

घरातल्या भावांनाही दोन शब्द. बायकोने सांगितले तर चिडू नका, संशय घेऊ नका, सोबत जा. धाकटीचा नवरा पहिल्यांदा म्हणाला, "मी कायले येऊ बायांच्या दवाखान्यात?" पण आला. दोघांच्या गोळ्या दोघांनी घेतल्या. म्हणूनच ती बरी झाली.

आमची मुलगी आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात तिने स्वयंपाकघरात, भाकरी थापत असलेल्या आम्हां दोघींना सरळ सांगितले, "आई, काकू, मले चार दिवसांपासून खाज सुटते आणि दह्यासारखं जाते." आम्ही दोघींनी तवा उतरवला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. तिथेही पहिला प्रश्न तोच होता, "कधीपासून?"

मुलगी म्हणाली, "पाच दिवस झाले."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि औषध लिहून दिले. आम्ही मात्र बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होतो. मोठीमायने दीड वर्ष सांगितले होते. मुलीने पाच दिवस सांगितले. भगिनींनो, तुमच्या घरात आज कोणाची खाट ओसरीत गेली असेल, कोणाचे लुगडे दुसऱ्याच्या आड वाळत असेल, तर आज रात्रीच जवळ बसून नीट विचारा. पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका.